आजोबांच्या डब्यात निघालेलं जर्मन मेडल: ठेवायचं, विकायचं की फेकायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. साताऱ्याकडचं गावचं घर रिकामं करताना त्यांच्या ट्रंकेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात एक आयर्न क्रॉस, गरुड आणि स्वस्तिक असलेलं पट्ट्याचं बकल, अर्धा तुटलेला पत्र्याचा बिल्ला आणि सहा फोटो. फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर काका म्हणाले "अपशकुनी आहे, नदीत सोड", मामेभाऊ म्हणाला "भारी, फ्रेम कर", आणि एका डीलरनं सगळ्याचे मिळून अठरा हजार सांगितले. त्यात तुम्हाला आता गोडी लागलीय, अजून असे पीस जमवावेसे वाटतायत, पण ज्यांनी साठ लाख ज्यू मारले त्यांच्या वस्तू हौसेनं घरात आणायच्या का, हे मन खातंय.

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं नाणी, नोटा, मेडल्स यात आहे. आधी कलेक्टर होतो मग डीलर झालो (सगळ्यांचं तेच होतं, घरात जागा उरत नाही आणि बायको विचारायला लागते). त्यामुळे मी काही साधू म्हणून बोलत नाहीये, या मालावर मी पैसे कमावलेत.

पहिली गोष्ट, तुम्ही एकात दोन प्रश्न घातलेत. घरात निघालं त्याचं काय करायचं हा एक, आणि बाजारात जाऊन अजून घ्यायचं का हा दुसरा. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत. घरात निघालेल्या डब्यात तुमचा दोष नाही, तुम्ही फक्त वारस आहात. पण तुम्ही बाहेर जाऊन एक पीस विकत घेता तेव्हा कोणाला तरी कळतं की याला गिऱ्हाईक आहे, आणि मग तो अजून चार पीस शोधतो किंवा बनवून आणतो. कलेक्टर लोक हे मान्य करत नाहीत, मीही बरीच वर्षं करत नव्हतो.

आता एक प्रसंग सांगतो कारण माझं सगळं मत तिथून आलंय. साधारण वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात माझं टेबल होतं. परदेशी नोटांचा एक ट्रे असायचा, प्लास्टिकच्या पाकिटात एकेक नोट, वर कागदाची चिठ्ठी, देशाचं नाव आणि किंमत. त्यात एका मोठ्या लॉटमधून आलेली एक नोट होती, त्यावर दाढीवाला म्हातारा हातात दगडी पाट्या घेऊन, म्हणजे मोझेस, आणि सहा टोकांचा तारा. मी तारा बघितला आणि चिठ्ठीवर लिहिलं "इस्रायल". दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, अगदी आपल्यासारखं मराठी. बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू होते, लाल देवळात जाणारे (पुण्याबाहेरच्यांसाठी: कॅम्पातलं ज्यू लोकांचं सिनेगॉग, त्याला सगळे लाल देऊळच म्हणतात). त्यांनी ती नोट उचलली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली, आणि शांतपणे म्हणाले, "अहो, यावर साल १९४३ आहे. १९४३ ला इस्रायल होतं कुठं?"

इस्रायल झालं १९४८ ला. ती नोट तेरेझिनच्या घेट्टोमधली होती, जर्मन नाव थेरेसिएनश्टाट, आजच्या चेक प्रजासत्ताकात. नाझींनी तिथं कोंडलेल्या ज्यूंसाठी हे नावापुरते पैसे छापून घेतले होते, १ पासून १०० क्रोनेपर्यंत सात नोटा, आणि त्या पैशात खरं विकत घेण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. बाहेरच्या जगाला दाखवायचं होतं की बघा, इथं कसं व्यवस्थित गाव वसवलंय. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसची माणसं पाहणीला आली तेव्हा तर सगळं गावच रंगरंगोटी करून सजवलं होतं. नोटेचं डिझाइन पेटर किएन नावाच्या तरुण चित्रकारानं केलं, तो स्वतः तिथला कैदी, १९४४ मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेला आणि तिथंच गेला. नोटेवर सही याकोब एडेलश्टाइनची, घेट्टोतल्या ज्यूंचा प्रमुख म्हणून, त्यालाही ऑशविट्झमध्ये मारलं. आणि त्याच नोटेवर छापलंय की नकली नोटा बनवणाऱ्याला कडक शिक्षा होईल.

हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर वाचलं. त्या गृहस्थांनी मला झापलं नाही, नोट विकत घेतलीही नाही. चिठ्ठी तेवढी काढून टाका म्हणाले. मी काढली, आणि दुसरी काय लिहायची ते मला सुचेना, तर संध्याकाळपर्यंत ती नोट बिनचिठ्ठीची पडून होती.

तेव्हापासून माझा नियम एवढाच आहे: वस्तूबरोबर तिचा खरा कागद चालला पाहिजे. कुठून आली, कोणाच्या हातातून आली, ती काय आहे आणि काय नाही. कागद असेल तर ती पुराव्याची वस्तू आहे, कागद सुटला की ती शोभेची वस्तू होते, आणि नाझींचा माल शोभेला लागला की कोणाच्या घरी लागतो हे तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या डब्याकडे येऊ.

आयर्न क्रॉस. खालच्या भुजेवर १९३९, मध्ये स्वस्तिक, मागे १८१३. मागचं साल बघून लोक गोंधळतात, पण हे पदक मुळात १८१३ मध्ये प्रशियाच्या राजानं नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी सुरू केलं, हिटलरनं १९३९ ला त्यात स्वस्तिक घातलं. दुसऱ्या वर्गाचे क्रॉस लाखोंनी वाटले गेले, साध्या शिपायालाही आणि एसएसवाल्यालाही (एसएस म्हणजे नाझी पक्षाची स्वतःची फौज, छळछावण्या चालवणारी), त्यामुळे नुसत्या मेडलवरून तो माणूस कसा होता हे कळत नाही. खरा आहे का बघायचं तर लोहचुंबक लावा. आतला काळा भाग बहुतेक वेळा लोखंडाचा, बाहेरची चौकट वेगळी, कडेला दोन भाग जोडल्याची बारीक रेघ दिसते. एका साच्यात ओतलेला अखंड असेल तर कॉपी.

बकल. गरुडाभोवती "गॉट मिट उन्स" लिहिलंय म्हणताय, म्हणजे देव आमच्याबरोबर आहे, म्हणजे ते साध्या लष्कराचं, एसएसचं नाही. मागे चामड्याची जीभ शिल्लक असेल तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल दाबलेलं असतं, ते आधी नीट वाचून फोटो काढा. आणि एक, लहान मुलं बघतील तर त्यांना नक्की सांगा की हे उंबऱ्यावरचं आपलं स्वस्तिक नव्हे. एकानं असलं बकल देवघरात ठेवलेलं मी बघितलंय, खरंच.

बिल्ला. इथं मी थांबलो. तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या कडेला दोन भोकं दिसतायत आणि खालची कड करवतीसारखी तुटलीय. तो जर्मन सैनिकाचा ओळखबिल्ला आहे. पूर्ण बिल्ला लंबगोल असतो, मध्ये आडव्या फटी, आणि वरखाली तोच मजकूर दोनदा: तुकडी, नंबर, रक्तगट. नाव नसतं. सैनिक मेला की खालचा, एका भोकाचा अर्धा भाग तोडून नोंदीसाठी पाठवायचे आणि वरचा, दोरीच्या दोन भोकांचा भाग प्रेताबरोबर राहायचा, पुढं कधी उकरलं तर ओळख पटावी म्हणून. तुमच्याकडे प्रेताबरोबर राहायचा तो भाग आहे. आजोबांनी कसा घेतला, कुठून घेतला, त्यांनी घेतला की कोणी दिला, हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि आरामात खुर्चीवर बसून इटलीतल्या सेनियो नदीकाठी चिखलात असलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण त्या नंबरचा माणूस कुठेतरी निनावी पुरलेला असू शकतो. या नंबरांच्या याद्या बर्लिनला आहेत, आधी वेगळं कार्यालय होतं, २०१९ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात म्हणजे बुंडेसआर्काइव्हमध्ये ते गेलं. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून त्यांना ईमेल करा, इंग्रजीत केला तरी चालतो. हा बिल्ला विकायचा नाही. बाकी काही विकलंत तरी हा नाही.

कोणी म्हणेल नाझी सैनिकाची एवढी काय पडलीय. मला नाझींची पडलेली नाहीये, बेपत्ता माणसाची पडलीय, आणि तो वीस वर्षांचा जबरदस्तीनं भरती केलेला पोरगाही असू शकतो किंवा गावंच्या गावं जाळणाराही, ते नंबर शोधल्याशिवाय कोणालाच ठरवता येणार नाही.

मेडलबद्दल एक अवघड गोष्ट सांगतो. १९२९ च्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांबद्दल स्पष्ट होतं की कैद्याची पदकं, हुद्द्याच्या खुणा, ओळखपत्रं काढून घ्यायची नाहीत. म्हणजे हे कैद्याकडून हिसकावलं असेल तर तेव्हाही ते नियमाबाहेरच होतं. प्रत्यक्षात सगळ्याच सैन्यांनी केलं, आणि बऱ्याचदा कैद्यानं स्वतःच दोन सिगरेटींसाठी दिलं. आजोबांना शूर म्हणायला या गोष्टीनं काही बाधा येत नाही. मराठा पलटणीनं इटलीत काय केलं ते जगाला माहीत आहे, यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनियोवर, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पण डब्याची गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा हाही भाग सांगा, गाळू नका.

फोटो. सहाही नीट बघा, मागे काय लिहिलंय ते आधी बघा. जर्मन सैनिकांच्या खिशातून निघालेल्या फोटोंमध्ये आई, बायको, कुत्रा असं बरंच निघतं, पण कधीकधी फाशी दिलेली माणसं, खड्ड्यासमोर उभी केलेली माणसं असंही निघतं. तसलं काही निघालं तर ते ग्रुपवर टाकू नका आणि डीलरला तर दाखवूही नका, मलाही नको. जेरुसलेमचं याद वाशेम, म्हणजे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आणि संग्रहालय, असे फोटो आणि कागद स्वीकारतं.

आता ज्यांना वाटतंय की हे सगळं युरोपचं रडगाणं, आपला काय संबंध, त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात लॉर्ड क्लाइड नावाचा पब होता, १९६३ मध्ये तिथं एक कवटी सापडली. डोळ्याच्या खोबणीत घडी घातलेला कागद होता, त्यावर लिहिलेलं की ही ४६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीतल्या हवालदार आलम बेगची कवटी, १८५७ च्या उठावानंतर तोफेच्या तोंडी दिलेला. एका कॅप्टननं ती आठवण म्हणून घरी नेली होती. मेमोरॅबिलिया! तो कागद होता म्हणून निदान नाव राहिलं, किम वॅगनर नावाच्या इतिहासकाराला त्यावरून सगळा माग काढता आला. तो कागद हरवला असता तर पबच्या शेल्फवर एक कवटी, बस. आणि हे जुनं झालं म्हणू नका, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विकायला ठेवली होती, नागालँडमधून ओरड झाल्यावर मागे घेतली.

आणि आमच्याच धंद्यातलं. माझ्याकडे एकदा इंडियन म्युटिनी मेडल आलं, म्हणजे १८५७ चा उठाव मोडणाऱ्यांना इंग्रजांनी दिलेलं, चांदीचं, रिबनवर "सेंट्रल इंडिया" ची पट्टी. ही पट्टी म्हणजे मुख्यतः इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेची मोहीम, म्हणजे झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. त्या फौजेत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या २४ आणि २५ नंबरच्या पलटणी होत्या. मेडल हातात तिरकं धरून कडेवरची अक्षरं भिंगातून वाचली तर नाव मराठी, आपल्या कोकणातल्या माणसाचं. एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "गद्दाराचं मेडल, वितळवा, चांदी तरी येईल." मी नाही वितळवलं, अजून आहे माझ्याकडे. राणीवर चालून गेलेला आपलाच माणूस होता हे सांगणारा दुसरा पुरावा माझ्या हातात नाही.

तर विकण्याबद्दल. मी नाझी माल पूर्ण बंद नाही केला, पण कसा विकायचा ते बदललं, आणि त्यामागे माझी चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक स्वस्तिकाची दंडाची पट्टी चार हजाराला एका कॉलेजच्या मुलाला विकली, चांगलं बोलत होता, प्रोजेक्टसाठी हवीय म्हणाला. सहा महिन्यांनी तो मला सिग्नलला बाइकवर दिसला, पट्टी हेडलाइटला बांधलेली. मी काच खाली करून ओरडणार होतो, सिग्नल सुटला. आपल्याकडे हा एक वेगळाच प्रॉब्लेम आहे, हिटलर म्हणजे शिस्त, हिटलर म्हणजे कडक हेडमास्तर, एवढंच लोकांच्या डोक्यात. २००६ साली खारघरला त्याच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, ज्यू मंडळींनी आक्षेप घेतल्यावर नाव बदललं. मालकाच्या मनात द्वेष असेल असंही मला वाटत नाही, त्याला काही माहीतच नव्हतं, आणि आपल्याकडचं नव्वद टक्के प्रकरण तेच आहे, त्यामुळे बिनकागदाची वस्तू इथं जास्त घातक.

आता मी गिऱ्हाइकाला तीनचार साधे प्रश्न विचारतो. याबरोबर अजून काय जमवता, हे सगळ्यात उपयोगी. जो माणूस इटलीची मोहीम जमवतो त्याच्याकडे ब्रिटिश, भारतीय, पोलिश, जर्मन सगळं असतं, आणि पुस्तकंही असतात. ज्याला फक्त एसएस, फक्त कवटीचा बॅज पाहिजे आणि किंमत विचारायच्या आधी "ओरिजिनल आहे ना, एसएसच आहे ना" एवढंच चाललंय, त्याला मी म्हणतो संपलं. खोटं बोलतो सरळ. आणि यात अजून एक कडू गंमत आहे, साध्या शिपायाच्या बकलापेक्षा एसएसच्या बकलाला बाजारात कितीतरी जास्त पैसे येतात, धातू तोच, मेहनत तीच. वरचा फरक दुर्मीळपणाचा आहे तसा तो भक्तांनी वाढवलेलाही आहे, आणि म्हणून नकला सगळ्यात जास्त त्याच्याच निघतात. चोर बाजारात तुम्हाला जे चकाचक एसएस बकल दिसेल ते युरोप कधी गेलेलं नसतं.

कोणी म्हणेल मग विकत घेऊन म्युझियमला द्यावं. हेही होतं. २०१९ ला म्युनिकच्या एका लिलावात हिटलरची टोपी वगैरे निघाली तेव्हा अब्दल्ला शातिला या मूळ लेबनॉनच्या व्यावसायिकानं सुमारे सहा लाख युरो घालून बऱ्याच वस्तू घेतल्या आणि एका इस्रायली संस्थेला देऊन टाकल्या, नवनाझींच्या हाती लागू नयेत म्हणून. माणूस म्हणून सलाम. पण धंदेवाला म्हणून सांगतो, त्या दिवशी विकणाऱ्याला काय कळलं? की टोपीला पन्नास हजार युरो येतात. त्यापेक्षा मला अमेरिकेतल्या डेव्हिड पिल्ग्रिमची पद्धत पटते. हा कृष्णवर्णीय प्राध्यापक, लहानपणी काळ्या लोकांची टिंगल करणारी एक वस्तू विकत घेऊन त्यानं ती तिथंच फोडली, पुढं हजारो जमवल्या, आणि मिशिगनमधल्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत त्याचं जिम क्रो म्युझियम झालं. तिथं वस्तू सुटी दिसत नाही, ती कोणाला काय करण्यासाठी बनवली होती हे शेजारीच लिहिलेलं असतं. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या अंगावरच्या वस्तू मात्र, कैद्याचे कपडे, ज्यूंना सक्तीनं कपड्यांवर लावायला लावलेला पिवळा तारा, छावणीतून लिहिलेली पत्रं, या मी विकत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, कितीही कागद असू दे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीत अशा कागदांचा लिलाव जाहीर झाला होता, छावण्यांतून जिवंत वाचलेल्या लोकांच्या संघटनेनं आवाज उठवल्यावर रद्द झाला, बरोबरच झालं. आणि हो, तुम्ही विचाराल, ती तेरेझिनची नोट? तीही कैद्याचीच म्हणायची का, यावर माझी आणि माझ्या भागीदाराची भांडणं झालीत. त्या नोटा बहुतेक न वापरताच गठ्ठ्यानं उरल्या होत्या, म्हणून तो म्हणतो विकायला हरकत नाही. मी माझी विकली नाही एवढंच.

कायद्याचं पटकन: आपल्याकडे असलं मेडल किंवा बकल घरात ठेवायला बंदी नाही. जर्मनीत स्वस्तिक जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, शिक्षण, संशोधन, कलेसाठी सूट आहे, पण तुमचा भाऊ म्युनिकला आहे म्हणून त्याला दाखवायला बॅगेत घालून नेऊ नका. डब्यात पिस्तूल किंवा काडतूस असतं तर हा सगळा मजकूर बाजूला ठेवून आधी पोलीस स्टेशन, पण तसं नाहीये.

तुमच्या जागी मी असतो तर डबा फोडून विकला नसता. डीलरचे अठरा हजार फसवणूक आहे असं नाही, पण तो आल्यावर क्रॉस एकीकडे जाईल, बकल दुसरीकडे, फोटो कचऱ्यात, आणि आजोबा कुठेच राहणार नाहीत. त्यांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, त्यांची स्वतःची मेडल्स (इटली स्टार असणारच, शोधा, मागे ठोकलेला नंबर असतो कधी कधी) हे सगळं एकत्र करा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, फोन रेकॉर्डिंगवर ठेवून विचारा की आजोबा या डब्याबद्दल काय बोलायचे, "काही बोलायचे नाहीत" असं उत्तर आलं तरी ते लिहून ठेवा. पुढं ठेवायचं नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र लिहून विचारा, तिथं म्युझियम आहे, सगळा संच कागदांसकट घेतात का बघा. अजून विकत घेऊन जमवायची हौस असेल तर इटलीतल्या भारतीय पलटणी जमवा, आयुष्य पुरणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, मेडलला ब्रासो लावू नका. पीतांबरी पण नाही. बिस्किटाचा डबाही फेकू नका, तुमच्या तिसऱ्या फोटोत झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं काहीतरी मोडीत लिहिलेलं दिसतंय, उजेडात तिरका धरून एक क्लोजअप टाका, माझ्या ओळखीत मोडी वाचणारे आहेत.